घरून काम: स्पीड भरपूर, तरी मीटिंगमध्ये आवाज तुटतो

प्रश्न: स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड १०० एमबीपीएस दिसतो. तरी व्हिडिओ कॉलवर माझा आवाज तुटक जातो, समोरच्यांचा मात्र नीट येतो. राउटर बदलावा का?

उत्तर १: इतक्यात नको. तुमचा आवाज जातो अपलोडवरून. डाउनलोडचा आकडा इथे कामाचा नाही. आवाजाला जेमतेम १०० केबीपीएस पुरतात, पण डेटा वेळेवर पोचायला हवा. कॉल चालू असताना राउटरच्या आयपीवर (नेटवर्कमधला त्याचा पत्ता) सतत पिंग (उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेवा. वेळ ३-५ मिलिसेकंदांवरून मध्येच २०० वर उडत असेल, तर दोष वायफायचा. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर या, नाहीतर सरळ लॅन केबल. राउटरपर्यंत ठीक पण त्यापुढे गडबड असेल, तर बहुधा क्लाउड बॅकअप सगळं अपलोड खातोय. तो मीटिंगपुरता थांबवा.

उत्तर २: ब्लूटूथ हेडसेट आहे का? तोही २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे त्याच पट्ट्यातल्या वायफायशी टक्कर. वायरचा लावून बघा, दोन मिनिटांचं काम.

उत्तर ३: थोडं अवांतर: निम्म्या मीटिंगा लागतातच कशाला? रोजच्या स्टेटसला ग्रुपवर तीन ओळी पुरतात: काय झालं, काय अडलंय, कोणाकडून कधीपर्यंत काय हवंय. आणि नुसतं 'हॅलो' टाकून थांबू नका, प्रश्न त्याच मेसेजमध्ये लिहा. कॉल ठेवा मतभेद मिटवायला, किंवा स्क्रीन शेअर करून चूक शोधायला.