बगाडामागं पळताना मिररलेस हातातच बरा? आणि फोटो-व्हिडिओ दोन्ही एकट्यानंच?

सोनेश्वरकडचा (वाई):
मंडळी, भांडण लावायलाच धागा काढतोय. यंदा रंगपंचमीला बावधनच्या बगाडाला गेलो तो गिम्बल (कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा दांडा) घरी ठेवून. एक मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा), एक १६-५० मिमीची झूम लेन्स, खिशात दोन बॅटऱ्या. फोटो काढले, व्हिडिओ केला, सगळं हातात धरून. आता गिम्बल विकायला काढलाय.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भैरवनाथाचं बगाड, म्हणजे बैलांनी ओढायचा लाकडी गाडा, कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून निघतं आणि बैल बदलत बदलत शिवारातून बावधनला येतं. वर उंच शिडाला, म्हणजे लांब लाकडाला, बगाड्या (नवसाचा माणूस) टांगलेला. खाली नांगरट, बांध, ढेकळं. सगळं थांबलेलं असतं, आणि एकदम ‘चांगभलं’ झालं की बैल, माणसं, धुरळा सगळं सुटतं. गेल्या वर्षी नेमका त्या वेळी माझा गिम्बल मान वाकडी करून बसला होता. तो सरळ होईस्तोवर बगाड पुढच्या वावरात.

यंदा गळ्यातला पट्टा ताणून धरला, कोपरं बरगडीला, गुडघे थोडे सैल. कॅमेऱ्यात सेन्सरचं स्टॅबिलायझेशन आहे, हात हलला की सेन्सर उलटा सरकून चित्र सावरतो. फोटोला शटर १/१००० सेकंद, व्हिडिओला सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. डायल एक घर फिरवली की झालं. जुन्या डीएसएलआरवर व्हिडिओ लावला की आरसा वर आणि व्ह्यूफाइंडर काळा. मग मार्चच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर दिसायचं काय, तर स्वतःचं कपाळ. मिररलेसमध्ये व्हिडिओतही डोळा व्ह्यूफाइंडरलाच राहतो, आणि कपाळाला टेकलेला कॅमेरा म्हणजे दोन हातांवर तिसरा आधार. व्हिडिओ घरच्यांना दाखवला, हललेलं कुणाला कळलं नाही.

माझं म्हणणं एवढंच: एक माणूस, एक बॉडी (म्हणजे एकच कॅमेरा), दोन्ही कामं. बोला.

सतारमेकर_गल्ली (मिरज):
बोलतो की. भाऊ, घरच्यांना कळलं नाही ही काय कसोटी झाली? आमच्या घरी फोकस चुकलेला फोटोही ‘कलात्मक’ म्हणून खपतो.

तुमची क्लिप पाहिली. उभं राहून घेतलेलं चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. पण बगाड सुटल्यावर तुम्ही कॅमेरा झर्रकन डावीकडं फिरवलाय, तिथं शीड बघा. सरळ लाकूड तिरकं झालंय, उसाच्या कांडीसारखं वाकतंय. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो, तेवढ्यात कॅमेरा फिरला की उभ्या वस्तू कलतात. याला स्टॅबिलायझेशन काही करत नाही. पळताना तर वाइड अँगलला कोपरे जेलीसारखे थरथरतात, ते स्टॅबिलायझेशनमुळंच.

दुसरं. भर उन्हात १/५० शटर कसं ठेवलंत? आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र मोठं, एफ/२.८ धरलं तर उजेड सहा स्टॉप जास्त; दर स्टॉपला दुप्पट, म्हणजे हवा त्याच्या चौसष्टपट. एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लावला होता का? आणि लावला असेल तर फोटोच्या वेळी काढत होता का? बैल सुटलेले असताना?

आता खरं दुखणं सांगतो. मी लग्नाची कामं करतो. एकदा पार्टी म्हणाली, दोघं कशाला, तुमच्याकडं नवीन कॅमेरा आहे ना, तुम्हीच दोन्ही करा. पैशाला भुललो. मंगलाष्टकं संपत आली, व्हिडिओ चालू होता. शेवटच्या ‘सावधान’ला व्हिडिओ तोडला आणि फोटोला आलो. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, नवरीनं वर पाहिलं. बारा फोटो काढले. शटर १/५० वरच राहिलेलं, बाराच्या बारा पुसट. आणि व्हिडिओ कुठं संपतो? ‘साव’वर. त्या एका सेकंदावर फोटोवाल्याचाही हक्क असतो आणि व्हिडिओवाल्याचाही. एका माणसाला तो सेकंद दोनदा मिळत नाही.

कोयनेचं_पाणी (कराड):
एवढा कुटाणा कशाला? ४के व्हिडिओ चालू ठेवायचा आणि पाहिजे ती फ्रेम काढून घ्यायची. फोटोचा प्रश्नच मिटला.

सतारमेकर_गल्ली (मिरज):
मिटला नाही, अंगावर आला. ४केची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जेमतेम ८३ लाख पिक्सेल. फोटो काढला असता तर २ कोटी ४० लाख मिळाले असते. बरं, अल्बमच्या छोट्या पानाला ८३ लाखही पुरतील एक वेळ. पण ती फ्रेम १/५० ला घेतलेली आहे. व्हिडिओत बैलाचे पाय थोडे पुसट असले तरच धाव खरी वाटते, थांबवलेल्या चित्रात त्याच पायांचा चिखल होतो. १/१००० ला व्हिडिओ केला तर फ्रेम धारदार मिळेल, पण व्हिडिओ खडखडत चालेल. कुठलं तरी एक मरणार.

सोनेश्वरकडचा (वाई):
दादा, एनडी नव्हता. लेन्सचं छिद्र बारीक करत एफ/१६ पर्यंत गेलो, तरी आकाश पांढरंफटक. आणि एफ/१६ ला सेन्सरवरची सगळी धूळ काळे ठिपके होऊन वर आली, निम्मी शिडाच्या आजूबाजूला. ते कबूल.

पण लग्नाचं उदाहरण इथं लागू नाही. अंतरपाट एकदाच खाली येतो. बगाड दिवसभर चालतं, दहा वेळा थांबतं, दहा वेळा सुटतं. दोनदा व्हिडिओ, आठदा फोटो, कोण अडवतंय?

शिवाय दुसरी बॉडी घ्या, दुसरी लेन्स घ्या म्हणणं सोपं आहे. पालच्या खंडोबाला एकदा लेन्स बदलायला गेलो होतो. आभाळातून भंडारा येतोय, आणि मिररलेसची लेन्स काढली की पुढं आरसा नाही, सेन्सर उघडाच. खंडोबाचा प्रसाद सेन्सरवर. साताऱ्यात साफ करून घेतला तेव्हा कापसाची काडी पिवळी निघाली. तेव्हापासून गर्दीत लेन्स बदलत नाही.

पठारावरची (सातारा):
दोघंही पळण्याबद्दल बोलताय, म्हणून मध्ये पडते. मी कासला जाते, तिथं पळायचं नसतंच. ठरलेली पायवाट सोडून फुलांत पाय ठेवायचा नाही, त्यामुळं ट्रायपॉडचे तीन पाय पसरायला जागा कुठली? हातात धरणं ही तिथं हौस नाही, नाइलाज आहे.

स्टॅबिलायझेशनबद्दल एक गैरसमज फार दिसतो. ते तुमचा हात सांभाळतं, समोरची वस्तू नाही. सीतेची आसवं हे फूल करंगळीच्या नखाएवढं, वारा सुटला की डोलायला लागतं. स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर १/३० ला फोटो काढला तर खडक धारदार आणि फूल गायब. त्याला १/५०० च लागतं. व्हिडिओत मात्र तेच डोलणं गोड दिसतं. म्हणून माझी सवय अशी: आधी फोटो, मनासारखा मिळेपर्यंत. मग श्वास सोडून, न चालता, कॅमेरा न फिरवता मनात दहा आकडे मोजेपर्यंत व्हिडिओ. आमच्याकडं धुक्यामुळं एनडीची गरजही बहुतेक दिवस पडत नाही, हा एक फायदा.

तेव्हा वाईकर, तुम्ही हातात धरा, पण पळू नका. आणि मिरजकर, तुम्ही लग्नात कधी उभे राहता का हो दहा सेकंद?

सतारमेकर_गल्ली (मिरज):
ताई, लग्नात दहा सेकंद उभं राहिलं की कुणीतरी हातात पंगतीचं ताट देतं.

हळद_पेठ (सांगली):
मला भांडणात पडायचं नाही, घ्यायचा कोणता एवढं सांगा. सोनीचा ए६४०० जुना मिळतोय, घेऊ का?

पठारावरची (सातारा):
फोटोला उत्तम. पण त्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, कॅननच्या आर५० मध्येही नाही. घेणार असाल तर लेन्समध्ये तरी असू दे, सोबतच्या १६-५० मध्ये असतं. बॉडीतच हवं असेल तर फुजीचा एक्स-एस१० जुना शोधा. पण आधी दुकानात हातात धरून पाहा. फार हलका कॅमेरा जास्त थरथरतो, जडाला आपोआप ठेहराव असतो.

सतारमेकर_गल्ली (मिरज):
आणि सांगलीत हॉलमध्ये व्हिडिओ करणार असाल तर सेटिंगमध्ये पाल (PAL) निवडा, ३० फ्रेमवालं एनटीएससी नाही. खंडोबाचं पाल नव्हे, २५ फ्रेमवालं. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. ३० फ्रेमला १/६० ठेवलंत की भिंतीवरून काळ्या पट्ट्या सरकताना दिसतील. शटर १/५० किंवा १/१००. फोटोला सायलेंट (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक) शटरही तिथं बंदच ठेवा, त्याच पट्ट्या नवरदेवाच्या तोंडावर येतात.

सोनेश्वरकडचा (वाई):
बरं, माझं म्हणणं थोडं मागं घेतो. पळताना व्हिडिओ नाही. थांबलेलं असताना व्हिडिओ, सुटलं की फोटो. पण माणूस एकच. पुढच्या रंगपंचमीला मिरजकर सोबत आले तर बघू.

सतारमेकर_गल्ली (मिरज):
येतो. मी फक्त व्हिडिओ करणार, फोटो तुम्ही काढा. मग दोघांचं एकत्र लावून बघू काय हुकलं ते. बाकी तो गिम्बल केवढ्याला देताय?