ब्लूज-रॉक अल्बम घडतो कशाने: अॅम्पच्या आवाजाने की माणसांनी?

तारसप्तक:
इंग्लिश ब्लूज गायक-वादक जॉन मेयॉलचा 'ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन' हा अल्बम, ज्यात गिटार क्लॅप्टनची आहे, रविवारी पुन्हा हेडफोन लावून ऐकला आणि माझं मत पक्कं झालं. हा अल्बम एका हट्टातून घडला आहे. १९६६, लंडनचा डेक्का स्टुडिओ. गिटारवाल्याने अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र, हळू ठेवायचा आणि माइक स्पीकरला चिकटवायचा, ही तेव्हाची रीत. क्लॅप्टनने मार्शल अॅम्प स्टेजवर असतो तेवढाच मोठा ठेवला आणि माइक लांब लावायला सांगितला. ध्वनिमुद्रक गस डजन त्या आवाजाने हबकले, पण निर्माते माइक व्हर्नन यांनी ते होऊ दिलं. अॅम्पमधले व्हॉल्व्ह ताणले गेले की सूर फाटतो, जाड होतो आणि विरायचं नाव घेत नाही. 'हॅव यू हर्ड'मधला सोलो ऐका, तिथे गिटार गळा काढून गाते. हळू आवाजात हे निघालंच नसतं. ब्लूज-रॉक रेकॉर्ड करायचा तर आवाज मोठाच हवा.

मधली_पट्टी:
अजिबात पटलं नाही. चारच वर्षांनी, १९७० साली, याच क्लॅप्टनने मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत डेरेक अँड द डॉमिनोज या आपल्या बँडबरोबर 'लैला'चा अल्बम केला, तो छोट्या फेंडर अॅम्पवर. त्यातलं चॅम्प हे मॉडेल जेमतेम ५ वॉटचा. छोटा अॅम्प लवकर ताणला जातो, त्यामुळे तोच फाटका सूर कमी आवाजात मिळतो आणि गिटार ड्रम्सच्या माइकमध्ये घुसत नाही.

हे मी अनुभवलंय. मित्राच्या बँडचं रेकॉर्डिंग करताना तुझ्यासारखाच हट्ट धरला होता. गिटार ड्रम्सच्या चारही माइकमध्ये शिरली. दुसऱ्या कडव्यात गिटारवाल्याचा एक सूर चुकला आणि तो काही केल्या पुसता येईना, कारण तो सगळीकडे होता. अख्खं गाणं पुन्हा वाजवावं लागलं.

आणि माणसांचं म्हणशील तर 'लैला'ची पहिली तीन गाणी ऐक, मग चौथं लाव. निर्माते टॉम डाउड यांनी क्लॅप्टनला ऑलमन ब्रदर्स या बँडच्या कार्यक्रमाला नेलं आणि त्यानंतर त्यांचा गिटारवाला ड्यूएन ऑलमन स्टुडिओत आला. १४ पैकी ११ गाण्यांत तो आहे, पहिल्या तिनांत नाही. चौथ्यापासून दुसरी गिटार क्लॅप्टनला अक्षरशः बोलतं करते. ते काम आवाजाने केलेलं नाही.

जुनी_तबकडी:
तुम्ही दोघंही क्लॅप्टनपाशीच अडकलात. 'ब्लूज ब्रेकर्स'मधलं 'हाइडअवे' फ्रेडी किंगचं, १९६१ चं. 'ऑल युअर लव्ह' ओटिस रशचं. 'रॅम्बलिन ऑन माय माइंड' रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्येच गाऊन ठेवलं होतं. क्लॅप्टनने लेस पॉल गिटार घेतली तीसुद्धा फ्रेडी किंगच्या रेकॉर्डच्या कव्हरवर पाहून. अल्बम कसा घडला हे सांगायचं तर सुरुवात किंग आणि रश जिथे वाजवायचे त्या शिकागोपासून करा. त्या कृष्णवर्णीय वादकांची नावं दरवेळी शेवटी येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तारसप्तक:
@जुनी_तबकडी, मान्य. ती नावं मी आधीच घ्यायला हवी होती. पण फ्रेडी किंगचं मूळ 'हाइडअवे' ऐका आणि मग हे ऐका. मूळ सुटसुटीत, नाचरं आहे. सूर बहुतेक तेच, पण इथे ते अंगावर येतात. हा फरक अॅम्पने केला, यावर मी ठाम आहे.

@मधली_पट्टी, ऑलमनचा मुद्दा बिनतोड आहे. पण तू ज्याला घुसणं म्हणतोस, तेच मला हवंय. सगळे एका खोलीत वाजवत होते, हे त्यातूनच कळतं. चूक पुसता येत नाही म्हटल्यावर माणूस कान टवकारून वाजवतो. तुमचं ते गाणं पुन्हा वाजवलं, ते कसं झालं?

मधली_पट्टी:
चौथ्या टेकला जमलं. शेवटच्या कडव्यात लय थोडी पळाली आहे. तरी तोच ठेवला.