विषय: सोलापूरच्या शाळेचे नळ – आज रात्रीपर्यंत होकार हवा

सचिव:
प्लंबर उद्यापासून मोकळा आहे, मग रमजान लागतो. शाळेत नवे नळ बसवायचं त्याचं कोटेशन खजिनदारकाकांकडे अडकलंय. कळवा.

खजिनदार:
अडकलेलं नाही. त्यावर 'वजूखाना', म्हणजे नमाजेआधी हात-पाय धुण्याची जागा, असं लिहिलंय. निधी शिक्षणासाठी जमवलाय, धार्मिक कामाला द्यायचा नाही, हे गणपतीनंतरच्या सभेत ठरलं. आणि पैशांच्या मेल माझ्याकडून जाऊ द्या.

सोलापूरहून:
काका, मी शनिवारीच शाळेत जाऊन आले. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेच्या, आधी दुसरीतली पोरं ओळीनं बसतात. हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग पाय. नळ दोनच, तेही गळके, म्हणून प्रत्येकाला एक तांब्या. एका मुलानं पाय धुवून उरलेलं पाणी न सांगता शेजाऱ्याच्या तांब्यात ओतलं. त्यांच्या शिक्षिका, आपा, म्हणाल्या, "नमाज सातव्या वर्षापासून शिकवायची असते, पण मी आधी पाणी जपायला शिकवते." उजनी धरण भरलेलं असलं तरी त्यांच्या घरी नळाला ४-५ दिवसांनी पाणी येतं. डबा खायच्या आधी हात धुवायलाही हेच नळ आहेत.

मावशी:
आमच्याकडेही हात-पाय धुतल्याशिवाय शुभंकरोतीला बसू देत नसत! आपल्या बालसंस्कार वर्गाची वेळ ठरली का?

सचिव:
मावशी, त्याचा धागा वेगळा आहे.

बिजापूर वेशीतला (सोलापूर):
मी अशाच शाळेत शिकलो. दुआ घडाघडा म्हणायचो आणि सुट्टीत मारामाऱ्याही करायचो. नुसत्या पाठांतरानं माझ्यात काडीचा फरक पडला नाही. फरक पडला तो गल्ल्यामुळे. रमजानभर खाऊच्या पैशांतून त्यात टाकायचं, ईदच्या नमाजेआधी उस्ताद आम्हालाच मोजायला बसवायचे. पैसे कोणाच्या घरी गेले ते मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. आमच्याच वर्गातल्या एकाच्या घरी जात असणार, हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर कोणाला मदत केली, तर नाव घेत नाही. म्हणून नळ द्या. कोटेशनमधले छापील दुआंचे तक्ते काढा.

खजिनदार:
तक्ते वगळून दिलंत, तर माझी हरकत नाही. 'हात-पाय धुण्याचे नळ' असं लिहून आणा.

सोलापूरहून:
तक्ते काढते. पण 'वजूखाना' राहू द्या काका, त्यांच्या शाळेचा शब्द आहे.

खजिनदार:
बरं, राहू द्या. गळके दोन नळही त्यातच बदलून घ्या. बिल थेट मला पाठवा.