नोकरीसाठी पुण्याला यावं का? आपापले अनुभव लिहा

लालडबा

काल रात्री भाच्याचा फोन आला. सोलापुरात एका ऑफिसात आहे, अठरा हजार मिळतात, घरचं जेवण. आता हिंजवडीहून बत्तीस हजारांचं पत्र आलंय. "मामा, येऊ का?" एवढंच विचारलं. "ये की" म्हणायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. १९९७ साली मी हेच माझ्या मामाला विचारलं होतं, तो म्हणाला होता, "जेवणाचं बघ." मला वाटलं, काय हा माणूस, पोरगं आयुष्याचं विचारतंय आणि हा जेवणावर!

बार्शीहून एस्टीने स्वारगेटला उतरलो. हातात पत्र्याची ट्रंक. नोकरी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात, कॉलेजच्या गाईडांची प्रूफं वाचायची. राहायला वाड्यात माडीवर कॉट बेसिस, एका खोलीत चार कॉट. बाकीचे तिघं कॉलेजवाले, मी एकटाच कमावता. पहिल्या महिन्यात तिघांनी मिळून माझ्याकडून सातशे रुपये उसने नेले, हा वेगळा विषय.

तर मामाचं वाक्य मे महिन्यात कळलं. परीक्षा संपल्या, पोरं गावाला गेली, आणि मेसच्या काकूंनी दारावर कागद लावला, "१५ जूनपर्यंत बंद". शेजारची मेस बंद, तिच्या समोरचीही बंद. नेमका आमच्या छापखान्याचा सीझन तेव्हाच, जूनच्या आत गाईडं अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत पडायला हवीत. म्हणजे गाव सगळं सुट्टीवर आणि मी रात्री दहापर्यंत कामावर. महिनाभर वडापाव, केळी आणि उसाचा रस. सात किलो उतरलो.

संध्याकाळी सुटका झाली तर टिळक स्मारकला वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ला सुरू केलेली, २१ एप्रिल ते २० मे रोज एक वक्ता. खोटं कशाला बोलू, मी पंख्यासाठी जायचो. खोलीत पत्रा तापलेला असायचा. पण अर्थशास्त्रापासून संतसाहित्यापर्यंत काय काय कानावर पडलं! बार्शीत राहिलो असतो तर पडलं नसतं. चांगलं की वाईट, अजून ठरत नाही.

भाच्याला रविवारी सांगतो म्हटलंय. तुम्ही कसं ठरवलंत? आलात, नाही आलात, येऊन परत गेलात, सगळं लिहा.

खाडेबाज

मेस!! आमच्या काकू सलग तीन दिवस नसाल तरच खाडे धरायच्या. मी गावाहून तिसऱ्या दिवशी दुपारीच परत यायचो. मूर्ख. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद, ती रविवारची रात्र मला अजून आवडत नाही. सविस्तर नंतर लिहितो, कुकर लावलाय.

वऱ्हाडी_ठेचा

मी नागपूरची. पाषाणला एका प्रयोगशाळेत निवड झाली तेव्हा बाबा म्हणाले, "काय करून राहिली तिकडे जाऊन, इथं काय कमी आहे?" कमी काही नव्हतं जी. पण रसायनशास्त्रात काम करायचं तर एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून पाषाणला, बाजूला आयसर ही विज्ञानाची संस्था आली, विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. एका रस्त्यावर इतके लोक माझ्याच विषयाचं बोलणारे मला नागपुरात कुठून भेटणार होते? ठरवायला मला दोन दिवस लागले. बाबांना चार वर्षं.

त्रास झाला तो बोलण्याचा. दुकानात "भाऊ, पन्नी द्या न" म्हटलं तर माणूस बघतच राहिला. पिशवी म्हणायचं म्हणे. आता दहा वर्षं झाली, नागपूरला गेले की बहिणी म्हणतात पुण्यासारखी बोलते, इथं ऑफिसात विचारतात नागपूरच्या का. मधल्यामधे लटकून आहे.

आणि हो, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आयुका, म्हणजे विद्यापीठातली खगोलशास्त्राची संस्था, सगळ्यांसाठी खुली असते. भाच्याला घेऊन जा. पहिल्या वर्षी मी एकटीच गेले होते, शाळेच्या पोरांच्या रांगेत उभी. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की इथं राहता येईल.

पेठकर

मी दुसऱ्या बाजूचा. आमच्या वाड्यात आई कॉट बेसिसवर मुलं ठेवायची. (पाट्यांचे विनोद कृपया नकोत, ऐकून ऐकून कान किटले.) लालडबा म्हणतात ते मे-जून आम्हालाही कडकच जायचे, कॉट रिकाम्या म्हणजे पैसे बंद. माझी इंजिनिअरिंगची फी त्या सहा कॉटांवर निघाली.

आईला नोकरदार नको असायचा, विद्यार्थीच हवा. लोकांना वाटायचं खडूसपणा. कारण साधं होतं. विद्यार्थी तीन वर्षांत पास होऊन जातो, नापास झाला तर चार. नोकरदार मुक्कामाला येतो. वाड्यात खाली दोन जुने भाडेकरू होते, महिना चाळीस रुपये भाडं, तीस-तीस वर्षं हलले नाहीत, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यामुळे पगारपत्रक दाखवणारा माणूस दिसला की आईच्या पोटात गोळा यायचा.

एकदा एकाने विद्यार्थी आहे सांगून खोली घेतली आणि रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, डबा घेऊन निघायचा. आईने पंधरा दिवसांत ओळखलं. राहू दिलं मात्र. लग्नाची पत्रिका द्यायला आला होता.

लालडबा

पेठकर, मलाही दोन वाड्यांतून परत पाठवलं होतं, कारण आज कळलं. तिसरीकडे मालकिणीने विचारलं "काय शिकता?" मी म्हटलं "प्रूफं". त्यांना वाटलं काहीतरी कोर्स असेल.

पेठकर

:D आमची आई नव्हे ना?

सातपंधराची_डेक्कन

मी गेलोच नाही. म्हणजे उलटं. पुण्यातच जन्म, नोकरी लागली फोर्टला. मुंबईत खोली घे म्हणाले सगळे. मी पास काढला. "एक वर्ष बघू" म्हणून सुरू केलं, एकवीस वर्षं झाली, मागच्या वर्षी निवृत्त. सकाळी ७.१५ची डेक्कन क्वीन, संध्याकाळी ५.१०ची परत. १९२ किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. मुलं लहान असताना मला झोपलेलीच दिसायची. थोरलीने शाळेत निबंध लिहिला होता "माझे बाबा रविवारी येतात".

फायदा की तोटा विचारू नका. गाडीतल्या ग्रुपने दोन लग्नं जुळवली आणि एकाची बायपास निभावली. घर पुण्यातच राहिलं, आईवडील शेवटपर्यंत जवळ राहिले. पण लालडबांनी विचारलंय "कसं ठरवलं", तर खरं सांगायचं म्हणजे ठरवलंच नाही. दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकललं.

खाडेबाज

डायनिंग कारमधलं कटलेट!

सातपंधराची_डेक्कन

कटलेट आहेच, पण चीज टोस्ट. कर्जत यायच्या आत मागवायचं, नंतर गर्दी.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या गाडीत कर्जत नाही, मनमाडला उठून बघायचं की अजून रात्र किती बाकी आहे 😭

सासर_कोथरूड

ओझरतं वाचलं, पोळ्या करता करता लिहितेय, चुका माफ. इथे सगळे आपण येऊ का असं विचारतायत. आमच्याकडे नवऱ्याला कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली आणि मी जळगावला एका बँकेत कायम. बदलीचा अर्ज केला, तीन वर्षं काही नाही. साहेब म्हणाले, पुणे मागणारे फार आहेत हो मॅडम. बरोबरच आहे, पुणे कोण मागत नाही? शेवटी मी राजीनामा दिला. आता क्लासेस घेते. नवऱ्याची जागा चौथ्या वर्षी कायम झाली, तोपर्यंत दर जूनमध्ये नवीन ऑर्डर येईल की नाही यावर घरभाडं ठरायचं. कॉलेजच्या गावात नोकरीही कॉलेजच्या वर्षाची असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. पस्तावले का? सकाळी नाही. महिन्याच्या शेवटी कधीकधी.

पोळी करपली. नंतर येते.

फेज_थ्री

भावनिक चाललंय ते ठीक, पण पोरगा बत्तीस हजारांवर येतोय, हिशेब कोण सांगणार त्याला?

लालडबा, पहिलं म्हणजे ऑफिस हिंजवडीच्या आयटी पार्कात नक्की कुठल्या फेजला ते विचारा. पुण्यात नोकरी हे वाक्यच चुकीचं आहे, सदाशिव पेठेतून फेज थ्रीला रोज जाणं म्हणजे दोन गावं ओलांडणं. "मामा पेठेत आहे, त्याच्याकडेच राहतो" असं तो म्हणेल, तिथेच थांबवा. मी स्वतः कोथरूडहून पाच वर्षं केलंय. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला तेव्हा माझं अर्धं तारुण्य त्या चौकात बाईकवर बसून गेलं. पिंपरी-चिंचवडहून स्वरगेटपर्यंत आणि वनाजहून रामवाडीपर्यंत मेट्रो आहे, हिंजवडीलगतच्या वाकडच्या माणसाला तिचा उपयोग नाही.

पहिले सहा महिने वाकड, ताथवडे, मारुंजीकडे शेअरिंगमध्ये राहू दे. डिपॉझिट, एक महिन्याची ब्रोकरेज, अकरा महिन्यांचा करारनामा, त्याचा खर्च, शिवाय गादी-बादली-गॅस. पहिल्या पगाराच्या आधी साधारण दोन पगार हातात हवेत. आणि जागा बघताना नळ सोडून बघायचा. पाणी आलं तरी विचारायचं, टँकरचं का पालिकेचं. बाल्कनी वगैरे नंतर.

उरणार किती? पहिल्या वर्षी सोलापूरपेक्षा जास्त नाही. दुसरी नोकरी मात्र पुण्यातूनच शोधता येते, तेवढ्यासाठी यायचं असेल तर यावं.

लालडबा

अगदी हाच कागद हवा होता. पाठवतो त्याला. (स्वारगेट हो, स्वरगेट नव्हे. प्रूफरीडर आहे, राहवत नाही.)

फेज_थ्री

बोट घसरलं साहेब, सिग्नलला लिहिलंय.

चौथा_अटेम्प्ट

मी नोकरीसाठी आलोच नव्हतो. उदगीरहून एमपीएससीसाठी आलो, नवी पेठेत अभ्यासिका लावली. सकाळी सातला जागा धरायची, रात्री अकराला उठायचं. माझी खुर्ची खांबाजवळची, सगळ्यांना माहीत. ११ मार्च २०२१ला परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रोडवर बसलेल्यांत मीपण होतो. वडिलांनी टीव्हीवर गर्दी पाहिली, फोन करून फक्त विचारलं, "जेवला का?"

चौथ्या प्रयत्नानंतर अभ्यासिकेच्या मालकांनीच विचारलं, व्यवस्था बघशील का. फी घेणं, जागा लावून देणं, इन्व्हर्टर, पाण्याचे जार. पगार बरा. घरी "अजून तयारी चालूय" असंच सांगितलं, आठ महिने. गावाला गेलो की लोक विचारायचे रिझल्ट कधी. खोटं बोलायची सवय लागली ती जास्त टोचली, नापास होण्यापेक्षा.

आता घरी माहीत आहे. नवीन पोरं येतात, वडील सोबत असतात, मला विचारतात "सर, इथं किती वर्षं लागतात?" मी जागा नंबर सांगतो.

खांबाजवळची खुर्ची मी कुणाला देत नाही. उगाच.

वऱ्हाडी_ठेचा

चौथा_अटेम्प्ट, भाऊ, काय लिहिलंय. घरी कसं सांगितलंत पण शेवटी?

चौथा_अटेम्प्ट

सांगितलं नाही ताई. आईच अचानक आली एकदा. मी काउंटरला पावती फाडत होतो. रांगेत उभी राहिली गुपचूप. नंबर आल्यावर म्हणाली, एक पावती दे.

कृष्णाकाठ

मी परत गेलेला. सांगलीहून आलो, सहा वर्षं पुण्यात, परत सांगली. लोकांना वाटतं जमलं नाही. जमलं होतं, चांगला पगार होता. एकदा सुट्टीला घरी असताना वडील भिंतीला हात लावून चालताना दिसले. कधीपासून विचारलं तर म्हणाले वर्ष झालं. मी वर्षात पाच वेळा येऊन गेलो होतो.

आता इथून थोडं काम ऑनलाइन, थोडं हळदीच्या पेढीचं अकाउंट. पैसे निम्मे. सवाई गंधर्व संगीत महोत्सव चुकतो डिसेंबरात, त्याचं वाईट वाटतं. बाकी भडंग इथलीच बरी.

पेठकर

सवाईला या हो दरवर्षी, वाड्यात कॉट रिकामी आहे. आई गेली, मुलं ठेवत नाही आता. पैसे नकोत.

कृष्णाकाठ

येतो खरंच. भडंग आणतो.

सासर_कोथरूड

परत आले. हे काय, सवाईचं ठरलंसुद्धा? मी पण येते, चटई माझी.

खाडेबाज

सविस्तर लिहिणार होतो पण कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची पेज झाली. लालडबा, रविवार झाला, भाच्याला काय सांगितलंत?

लालडबा

फोन केला. फेज_थ्रींचा हिशेब वाचून दाखवला, तो सगळं "हो मामा, हो मामा" करत होता. शेवटी म्हणाला, तिकीट काढलंय, पुढच्या सोमवारी जॉइनिंग, तुम्हाला गुरुवारी फोन केला तेव्हाच काढलं होतं.

मग मी जेवणाचं विचारलं. म्हणाला, मामा, ॲपवरून येतं की.

बायको म्हणतेय पहिला आठवडा इथेच राहू दे, ट्रंक माळ्यावर आहे ती काढा. तो म्हणतो ट्रंक नको, बॅग आहे. वाकड-ताथवडेकडे कुणाला चांगली खोली माहीत असेल तर निरोप करा. नळ मी स्वतः सोडून बघणार आहे.

फेज_थ्री

ताथवड्यात एक आहे, तिघांची, एक जागा रिकामी. पाणी पालिकेचं. मालक विचारतात, मुलगा शिकतो की नोकरी करतो?

पेठकर

नोकरी करतो म्हणा. आता चालतं.