पाळी जाण्याआधीची वर्षं, बिघडलेला मूड आणि योग्य डॉक्टर: तुमचे अनुभव लिहा

मागच्या गणपतीत घरात पंधरा माणसं जेवायला बसलेली आणि मी ओट्याला टेकून रडत होते, कारण काय तर उकड चिकट झाली. उकड याआधीही बिघडलीय, तेव्हा पाण्याचा हात लावून निभावलंय. त्या दिवशी हुंदके थांबेनात, शेवटी सासूबाईंनी पदर खोचून मोदक वळले. दोन दिवसांनी मुलावर एवढ्याशा गोष्टीवरून इतकी ओरडले की तो न जेवताच झोपला.

मी ४६ ची, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी. पाळी कधी २२ दिवसांनी कधी ५० दिवसांनी, पहाटे तीनला टक्क जाग, काउंटरवर समोरच्या नेहमीच्या माणसाचं नाव आठवत नाही. फॅमिली डॉक्टरांनी बी१२ ची इंजेक्शनं आणि झोपेची गोळी दिली. मग एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले तर त्या म्हणाल्या पाळी चालू आहे ना अजून, मग मेनोपॉज कसला, एफएसएच (अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी) पण नॉर्मल आहे, घरी काही टेन्शन आहे का? घरी आले आणि वाटलं माझंच डोकं फिरलंय.

मैत्रिणीने सुचवलेल्या तिसऱ्या डॉक्टरांनी अर्धा तास बसवून विचारलं. मूड पाळीच्या आधी बिघडतो की महिनाभर, झोप कशी, बीपी, पायात गुठळी झाली होती का कधी, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघितलं, सोनोग्राफी केली. मग सांगितलं की सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज म्हणतात, पण हार्मोन्सची वरखाली त्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होते, तिला पेरिमेनोपॉज म्हणतात आणि तुमची चिडचिड, रडू, झोप सगळं त्यात बसतं. आता सात महिने झाले, इस्ट्रोजेनचं जेल हाताला लावते आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. झोप परत आली, ती आली तशी मीही जरा परत आले.

मला हे आधीच, पहिल्या दोन डॉक्टरांकडेच कळलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं. म्हणून विचारतेय, तुम्ही कुणाकडे गेलात, काय सांगितलंत, काय ऐकून घ्यावं लागलं आणि फरक कशाने पडला? मोकळेपणाने लिहा, नाव नको असेल तर फक्त गाव आणि वय पुरे.

कोल्हापूर, वय ४३

वाचून रडूच आलं. मला छातीत धडधड होते, एकदम भट्टीसमोर उभं केल्यासारखं तोंड तापतं आणि मग भीती वाटते, कशाची ते सांगता येत नाही. हार्ट अटॅकच आला म्हणून रात्री अ‍ॅडमिट झाले होते, ईसीजी, टूडी इको सगळं क्लिअर. हार्टच्या डॉक्टरांनीच विचारलं पाळी कशी आहे. कुणीतरी पहिल्यांदा विचारलं. पण त्यालाही चार महिने झाले, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे अजून गेले नाहीये. घरात म्हणतात आमच्या वेळी असलं काही नव्हतं, सगळ्या बायकांचं होतं, देवाचं नाव घे. जाऊन नक्की काय सांगायचं हेच कळत नाही, आत गेलं की सगळं विसरते मी.

डोंबिवली, वय ५१ (पुरुष)

पुरुषाने इथे लिहावं की नाही कळत नव्हतं, बायकोच म्हणाली लिही. ती ४८ ची आहे. दोन वर्षं तिला पाळीत इतकं जायचं की गाडीवर बसताना सीटवर टॉवेल, लग्नकार्याला जाणं बंद, लोकलने जाणं बंद. स्वभाव एकदम बदलला. मी काही बोललो तरी भांडण आणि नाही बोललो तरी भांडण, आणि मी इतका मूर्खपणा केला की तिला म्हणालो तू मुद्दाम करतेस. हिमोग्लोबिन निघालं ७.२. एवढ्या रक्तावर ती सकाळी पाचला उठून डबे करत होती.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, दोन मुलं झालीत ना, पिशवी काढून टाका. तारीख पण दिली. माझ्या बहिणीने अडवलं म्हणून दुसरं मत घेतलं. त्यांनी आधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, म्हणाले ४५ नंतर असं रक्त जातंय तर आत काही वाईट नाही ना हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. तो नॉर्मल आला. मग मिरेना बसवली, तांबीसारखीच असते पण त्यातून हार्मोन सुटतं, आणि लोह सलाईनमधून दिलं. पहिले तीन-चार महिने थोडं थोडं डाग पडत राहिलं, ती वैतागली, पण आधी सांगितलेलं होतं म्हणून थांबलो. आज हिमोग्लोबिन ११.८ आहे आणि तिचा राग निम्म्याने कमी झालाय, निम्मा माझ्यावरचा होता तो रास्तच होता. नवऱ्यांनी बरोबर जा. आणि डॉक्टर म्हणाले थोडा वेळ बाहेर बसा, तर बसा. माझ्यामागे तिने डॉक्टरांना जे सांगितलं ते मला वीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

बीड जिल्हा, नर्स, वय ३९

वर दादांनी पिशवीचं लिहिलंय म्हणून लिहिते. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायका तिशीतच पिशवी काढून मोकळ्या होतात. कोयत्यावर असताना पाळीचा त्रास म्हणून एक खाडा झाला की पैसे कापतात, मुकादमाची उचल अंगावर असते, फडात संडास नाही, पाणी नाही, मग कुणीतरी सांगतं कॅन्सर होईल, काढून टाक. २०१९ ला आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या बऱ्याचशा तरुण वयाच्या.

पुढचं कुणी विचारत नाही. पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली असतील तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका आठवड्यात अंगावर येतो. माझ्याकडे ३४ वर्षांची आली होती, अंगातून वाफा निघतात, हाडं दुखतात, झोप नाही, उगीच कुणीतरी मारायला येतंय अशी भीती. घरच्यांनी देवऋषीकडे दोन अमावास्या केल्या होत्या. मी तिला म्हटलं ऑपरेशनचा कागद घेऊन ये. डिस्चार्ज कार्डावर काय काय काढलं ते लिहिलेलं असतं, तिला माहीतच नव्हतं. तिला जिल्हा रुग्णालयात पाठवलं, हार्मोनच्या गोळ्या आणि कॅल्शियम सुरू झालं. एवढ्या लवकर अंडाशयं गेली तर नैसर्गिक वय येईपर्यंत हार्मोन देतात, हाडांसाठी आणि हृदयासाठी पण, काही अडचण नसेल तर. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी, शेतावर येणाऱ्या बायका, कुणाची पिशवी काढलेली असेल तर तो कागद बघा एवढीच विनंती. अंडाशयं ठेवली असली तरी त्रास लवकर सुरू होऊ शकतो.

नागपूर, वय ५०

मला हार्मोन चालत नाहीत, स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, तो परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. नागपूरचा मे महिना आणि वर हे हॉट फ्लॅश, कूलरसमोर बसूनही ब्लाऊज भिजायचा. मी गृहीतच धरलं होतं की आपल्याला सोसायचंच आहे, जीव वाचला हे काय कमी. पण ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी व्हेन्लाफॅक्सिन लहान डोसमध्ये दिलं. ते मुळात डिप्रेशनचं औषध, पण वाफा कमी होतात. गावातल्या एका डॉक्टरांनी त्याआधी पॅरॉक्सेटिन लिहून दिलं होतं, ते टॅमॉक्सिफेनबरोबर चालत नाही, टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतं. म्हणजे औषध चालूच करायचं असेल तर आधीच्या सगळ्या गोळ्यांची पानं घेऊन जा बायांनो. शतावरी, सोया वगैरेच्या कॅप्सूल पण दाखवा, त्या पण औषधंच आहेत.

सोलापूर, वय ४९, शिक्षिका

खूप वेळा टाईप करून खोडलं. माझं रडणं, चिडचिड याच्या पुढे गेलं होतं. फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा, मुलं वाट बघत बसायची. घरी आल्यावर वाटायचं यांचं माझ्याशिवाय बरं चाललं असतं. पहिल्या बाळंतपणानंतर पण मला असं झालेलं, तेव्हा आईने सहा महिने सांभाळलं, त्याला नाव काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. आता डॉक्टर सांगतात की तेव्हा ज्यांना त्रास झाला, किंवा पाळीच्या आधी फार होतो, त्यांना या वयात परत होण्याची शक्यता जास्त असते. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी सावध राहिले असते.

एका रात्री विचार फार वाईट आले. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर शाळेतल्या भिंतीवर आम्हीच मुलांसाठी चिकटवला होता, तो आठवला. रात्री दीडला लावला, मराठीत बोलता आलं, पैसे नाहीत. त्या बाई माझ्याशी बोलत राहिल्या आणि म्हणाल्या आत्ता घरातल्या एकाला उठवा. मी मुलीला उठवलं. सकाळी तिने सरकारी दवाखान्यात नेऊन केसपेपर काढला, मानसोपचार विभागात. गावात कळलं तर काय म्हणतील याची भीती होती, वेड्यांचा डॉक्टर म्हणतात आमच्याकडे. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम हे डिप्रेशनचं औषध दिलं, सांगितलं तीन-चार आठवडे लागतात, मध्येच सोडायचं नाही आणि समुपदेशनाला पण यायचं. आणि पाळीचं विचारून स्त्रीरोग विभागाची चिठ्ठी पण दिली. म्हणजे दोन्हीकडे जायचं असतं, एक किंवा दुसरं असं नाही. सहावा महिना चालू आहे. पाचवीच्या वर्गाला परत कविता शिकवते, चालीत.

नाशिक, स्त्रीरोगतज्ज्ञ

ठाण्याच्या ताईंना जे ऐकावं लागलं ते आमच्याच व्यवसायातलं आहे, त्याबद्दल मला वाईट वाटतं. एफएसएच या वयात आज एक आणि पुढच्या महिन्यात भलतंच येतं, त्यामुळे ४५ च्या पुढच्या बाईला ही लक्षणं असतील तर त्या एका रिपोर्टवर काही ठरवत नाहीत. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच सांगितलं. आपल्याकडे पाळी पाश्चात्य देशांपेक्षा लवकर, साधारण ४६-४७ ला जाते, म्हणजे त्रास चाळिशीतच सुरू होतो, आणि ४० च्या आत पाळी थांबली तर लगेच तपासायला हवं.

हार्मोनची भीती पेशंटइतकीच डॉक्टरांनाही आहे. ती २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासापासून बसली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त असतो. धोका शून्य नाही, एकत्रित हार्मोन अनेक वर्षं घेतलं तर स्तनाच्या कॅन्सरची शक्यता थोडी वाढते, ते बोलून ठरवायचं. गुठळीची भीती गोळीपेक्षा जेल-पॅचमध्ये कमी. गर्भाशय असेल तर गोळी, जेल किंवा पॅचमधून नुसतं इस्ट्रोजेन कधीच नाही, प्रोजेस्टेरॉन बरोबर हवंच. आणि या त्रासासाठी दिलेलं हे हार्मोन गर्भनिरोधक नाही! पाळी लांबली म्हणून निर्धास्त झालेल्या ४४-४५ च्या बायका दर वर्षी माझ्याकडे येतात. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर एक वर्ष. पाळी जाऊन वर्ष झालं आणि परत एक थेंब जरी लाल दिसला तर त्याच आठवड्यात दाखवा.

कोल्हापूरच्या ताई, तुम्ही आत आल्यावर विसरता तर कागदावर लिहून आणा, मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, झोप, धडधड कधी होते, आणि सगळ्यात जास्त त्रास कशाचा ते पहिल्या ओळीत. ओपीडीत गर्दी असते, पाचव्या मिनिटाला मूडबद्दल बोलाल तर ते राहून जातं.

रेडिंग, इंग्लंड, वय ५२

इथे जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने पहिल्याच भेटीत पॅच लिहून दिले. एप्रिल २०२३ पासून इंग्लंडमध्ये एचआरटीसाठी (म्हणजे या हार्मोनच्या औषधांसाठी) वर्षाचे पैसे एकदम भरून सर्टिफिकेट मिळतं, वीस पौंडांच्या आसपास, मग दर वेळी वेगळे पैसे नाहीत. पण मला जे सांगायचं होतं ते इंग्रजीत सांगता येईना. जीव नकोसा होतो, कासावीस होतं, याला काय म्हणणार? शेवटी 'लो मूड' म्हणून आले, आणि ते खरं नव्हतं. दुसऱ्या वेळी मुलीला घेऊन गेले.

फोंडा, वय ५४

यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वर्षात पाच वेळा लघवीला जळजळ, पाच वेळा अँटिबायोटिक. नवऱ्याजवळ झोपायची भीती वाटायला लागली, दुखायचं, त्यावरून घरात अबोला. लाज वाटून मी फक्त जळजळच सांगत राहिले. शेवटी एका डॉक्टरणीने स्वतःहून विचारलं कोरडेपणा आहे का. आतून लावायची इस्ट्रोजेनची क्रीम दिली, अगदी थोडी मात्रा, आठवड्यातून दोनदा. गेले आठ महिने एकही इन्फेक्शन नाही. तीस सेकंद लागतात सांगायला, मी दोन वर्षं काढली.

कोल्हापूर, वय ४३

शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी पाळीच्या खुणा केलेल्या होत्या, त्यावरून फेब्रुवारीपासूनच्या तारखा काढल्या. पहिल्या ओळीत लिहिलंय "भीती वाटते". बहिणीला बरोबर नेतेय. सोनोग्राफी सांगितली तर पाणी पिऊन जायचं की उपाशी?

बीड जिल्हा, नर्स

पोटावरून करणार असतील तर पाणी पिऊन, लघवी धरून. आतून करणार असतील तर लघवी करून यायचं. फोन करून विचारा, आणि फाईलमध्ये तो ईसीजी पण ठेवा.