मदत हवी आहे: पाठीवर १९६६ लिहिलेली साडीवाली बार्बी, खरंच एवढी जुनी असेल का? (आणि पायावरचा लाल रंग कसा काढू?)

मिरजेची_मिरची

नमस्कार मंडळी, योग्य विभागात टाकतेय की नाही माहीत नाही, चुकलं असेल तर हलवा.

तर झालं असं, गेल्या आठवड्यात माहेरी माळा साफ करायला घेतला आणि पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या जुन्या शालूखाली, माझी बार्बी सापडली. मला वाटत होतं ती कधीच भंगारात गेली. मी तिसरीत असताना मुंबईच्या मावशीने आणली होती, म्हणजे ९३-९४ साल. खोका नाही, खोक्याची मी तेव्हाच पर्स केली होती. आता ट्विस्ट असा की चुलतभावाने तिला उलटी करून पाठ बघितली तर तिथे बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीचं नाव, खाली १९६६ आणि खाली इंडिया. झालं, घरात दिवाळी. काका म्हणाले म्युझियम पीस आहे, वहिनी म्हणाली लाखभर तरी येतील, आई म्हणाली मावशीने जुनी वापरलेली बाहुली दिली की काय तुला. मावशीला फोन करून झाला, ती रुसली.

मी एका ग्रुपवर फोटो टाकला तर एकाने लगेच मेसेज केला की ताई ही फार रेअर आहे, सर्टिफिकेट काढून देतो, आधी १५०० भरा. भरले नाहीत, पण मन डळमळलंय म्हणून इथे विचारतेय.

आता बाहुलीचं वर्णन, फोटो संध्याकाळी टाकते, इथे लाईट नाहीत.

चेहरा: निळे डोळे, दात दिसणारं हसू, गाल अजून गुलाबी. केस सोनेरी, मागून पार नारळाची शेंडी झालेत. निळे डोळे, सोनेरी केस आणि अंगावर साडी, लहानपणी हे कधी खटकलं नाही, आता बघून हसू येतं. कपाळावर लाल टिकली आहे, ती मूळची की नंतर लावलेली ते आठवत नाही.

साडी: लाल, सिंथेटिक, काठाला सोनेरी लेस. ही नेसवलेली नाही, शिवलेली आहे. निऱ्या वर शिवून टाकल्यात, मागे वेल्क्रो, पदर खांद्यावर टाक्याने धरलाय. ब्लाउज वेगळं, तेही वेल्क्रोचं, आणि त्या वेल्क्रोच्या काट्यांनी पदराचे धागे ओढून ओढून खांद्यापाशी जाळी झालीय. काठाची लेस समोर सरळ आणि मागे वाकडी, म्हणजे समोरून दिसेल तेवढंच नीट करायचं हे धोरण. सँडल एकच. कानातलं एकच, पिवळ्या धातूचं.

आणि दुसरा ड्रेस म्हणजे माझ्या आजीने शिवलेली नऊवारी! इरकलीचा उरलेला तुकडा, खरा काष्टा, वेल्क्रो बिल्क्रो काही नाही, नाडी. ती ट्रंकेत वेगळी गुंडाळून ठेवलेली होती.

प्रश्न: १) १९६६ खरं का? २) मांडीपासून पोटरीपर्यंत साडीचा लाल रंग उतरलाय, कसा काढू? ३) केस? ४) साडी धुवू का? ५) पैसे येतील का काही, खरं सांगा.

पितळी_डबा

ताई सर्टिफिकेटवाल्याला आधी ब्लॉक करा.

१९६६ हे बाहुलीचं जन्मसाल नाही. ते त्या अंगाच्या साच्याच्या कॉपीराइटचं साल. कंबर फिरणारी बार्बी १९६७ मध्ये बाजारात आली, तिच्या अंगाचा साचा १९६६ चा, आणि तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं बाहुल्यांच्या पाठीवर जसाच्या तसा येत राहिला. नव्वद सालच्या बाहुलीवरसुद्धा १९६६ असतं. दर महिन्याला कुणीतरी तुमच्यासारखं उड्या मारत येतं, वाईट वाटून घेऊ नका, मीपण मारल्या होत्या.

आता डोकं थोडं पुढे वाकवा आणि मानेच्या मागे केस वर करून कडेला बघा. तिथे १९७६ दिसतंय का? दात दाखवून हसणारा तो चेहरा सुपरस्टार बार्बीचा, तो १९७७ ला आला, त्यावर साच्याचं साल १९७६. म्हणजे डोकं १९७६ चं, धड १९६६ चं, आणि बाहुली या दोन्हीच्या नंतरची. इंडिया लिहिलंय म्हणजे ती इथेच बनली, आपल्याकडे लिओ मॅटेल नावाने यायची ती. तुमची मावशी निर्दोष आहे, फोन करा तिला.

नागपुरी_संत्रं

डाग काढायला नेलपेंट रिमूव्हर बेस्ट. दोन मिनिटात साफ. मी मुलीच्या बाहुलीवरचा पेनाचा डाग काढलाय.

पितळी_डबा

नको!!! मिरची ताई प्लीज हे करू नका. रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने प्लॅस्टिक विरघळतं, वरचा थर चिकट आणि पांढुरका होतो, आणि चुकून थेंब चेहऱ्यावर गेला तर डोळे पुसून निघतात, तो रंगच आहे शेवटी. संत्रं भाऊ, तुमच्या मुलीची बाहुली एकदा उजेडात धरून बघा.

नागपुरी_संत्रं

बघितली. थोडी खरखरीत झालीय खरी. 😐

एडिसनची_काकू

मी न्यू जर्सीत असते, इथे जुन्या बाहुल्यांचा नाद लागलाय गेली बारा वर्षं, कपाटात पंचाहत्तर झाल्यात आणि नवरा म्हणतो आता एक तर त्या राहतील नाहीतर मी, तेव्हा थोडं सांगते.

पायावरचा रंग वरवरचा नसतो गं. पाय मऊ प्लॅस्टिकचे असतात, कपड्याचा रंग त्यात आत शिरतो, म्हणून साबणाने जात नाही. त्यावर आम्ही सगळे जे वापरतो ते म्हणजे मुरमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साईडचं जेल. तुमच्याकडे औषधाच्या दुकानात अडीच आणि पाच टक्क्यांचं मिळतं. फक्त डागावर जाडसर लाव, वर खाऊ गुंडाळायचा पारदर्शक कागद गुंडाळ म्हणजे सुकणार नाही, आणि उन्हात ठेव. रोज धुऊन बघायचं, पुन्हा लावायचं. आठवडाही लागतो. धीर धर, कारण जास्त झालं तर मूळ रंगही फिका पडतो आणि मग एक पाय गोरा एक सावळा. चेहऱ्याच्या जवळपाससुद्धा नेऊ नकोस. आणि कपड्याला लागलं तर कपड्याचा रंग उडतो, म्हणून साडी आधी काढ.

कानातलं आत्ताच्या आत्ता काढ. पिवळ्या धातूत तांबं असतं, ते प्लॅस्टिकला लागून कानापासून गालापर्यंत हिरवं होत जातं. तुझी अजून हिरवी झाली नाही हे नशीब.

साडी धुवू नकोस. आतल्या शिवणीवर ओला कापूस दाबून बघ, गुलाबी झाला की समज, पाण्यात घातलीस तर लेससकट सगळं एकरंगी होईल. नुसती झटक आणि सावलीत वाऱ्यावर ठेव.

केस: कोमट पाणी, शाम्पू, मग आपलंच कंडिशनर भरपूर, आणि टोकाकडून वर विंचरायचं, मुळापासून ओढायचं नाही. गुंता हाताने सोडव, दोन संध्याकाळी जातील, मालिका लाव समोर.

मिरजेची_मिरची

काकू, डबा, खूप खूप धन्यवाद! मानेवर बघितलं, १९७६ आहे. मावशीला सांगितलं, ती म्हणाली मी तेव्हाच म्हणत होते. ती काहीच म्हणत नव्हती.

कापसाची टेस्ट केली, गुलाबी नाही, चक्क लाल झाला. धुणं रद्द.

पण ट्रंकेत डांबर गोळ्या होत्या आणि पाय थोडे चिकट लागतायत हाताला, त्याचं काय?

एडिसनची_काकू

अगं डांबर गोळ्या काढून टाक, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडतं. शिवाय या पायांच्या प्लॅस्टिकमध्ये मऊपणासाठी तेलकट पदार्थ मिसळलेले असतात, ते वर्षानुवर्षं उष्णतेने बाहेर झिरपतात, पत्र्याची ट्रंक आणि मिरजेचा उन्हाळा, अजून काय होणार. साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे कर, पुन्हा चिकट होतील, पुन्हा पूस. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नकोस. जुनं पांढरं मलमल असेल तर पायाला गुंडाळ आणि मगच साडी नेसव.

सदाशिव_पेठी

एवढा खटाटोप एका बाहुलीसाठी? लोकांना वेळ आहे.

पितळी_डबा

आहे. पुढचा प्रश्न.

पैशांचं सांगतो. खोका नाही, सँडल एक, पाय डागाळलेले. लाख विसरा. खोक्यातून न काढलेल्या जुन्या बाहुल्यांना गिऱ्हाईक असतं, खेळलेलीला फार नसतं. नेटवर लोक वाट्टेल ती किंमत लावून ठेवतात, ती बघू नका, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्यांच्या किमती बघा, पाय जमिनीवर येतात. ज्यांना खरंच मोठे पैसे मिळतात ती १९५९ ची पहिली, ९ मार्चला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत आली ती, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहायचा पोशाख आणि तळपायाला भोकं, स्टँडवर उभी करायला. तेव्हा तिची किंमत तीन डॉलर होती. तुमच्या बाईच्या तळपायाला भोकं आहेत का?

मिरजेची_मिरची

भोकं नाहीत, माझ्या दाताच्या खुणा आहेत.

शिवणकाम_सुरेखा

मी इथे फक्त नऊवारीसाठी आलेय. तिचं माप द्या ना! आणि काष्टा खरा असेल तर कंबरेशी जाड नाही का होत?

मिरजेची_मिरची

ताई आत्ता टेप घेऊन बसले. कापड सव्वा वार लांब, पन्हा साडेसात इंच. कंबर सव्वातीन इंच भरतेय. नाडीवर ओचा खोचलाय आणि काष्टा मागे खोचून आतून दोन टाके घातलेत, एक टाका सुटलाय.

जाड होत नाही! तेच तर नवल आहे, नऊवारीत ती एकदम नॉर्मल बाई दिसते.

शिवणकाम_सुरेखा

अहो मग हिशोब बघा. बार्बी साडेअकरा इंचाची, म्हणजे माणसाच्या साधारण सहावा हिस्सा. नऊ वाराचा सहावा हिस्सा दीड वार. तुमच्या आजीने सव्वा वारात भागवलंय, पाव वार वाचवला, अस्सल आजी! आणि पंचेचाळीस इंच पन्ह्याचा सहावा हिस्सा साडेसात, तो तर बरोब्बर आहे. कुणी सांगितलं असेल त्यांना हे?

कंबरेचं कारण पण तेच. बाहुली लहान केली तरी कापड पातळ होत नाही ना, धागा तोच राहतो. कंबरेला कपड्याचे तीन-चार थर आले की बाहुली गोणपाट दिसते. म्हणून मुळात कंबर एवढी बारीक ठेवली असं सांगतात, कपडे घातल्यावर प्रमाणात दिसावी म्हणून. कंपनीच्या शिवलेल्या साडीत निऱ्या खोट्या, थरच नाहीत, म्हणून तिथे कंबर विचित्र दिसते. आजीच्या नऊवारीत थर खरे आहेत, म्हणून भरून निघाली.

एडिसनची_काकू

सुरेखा, बारा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आत्ता कपाट उघडून बघून आले.

माझ्याकडे २०२४ ची दिवाळी बार्बी आहे, आपल्या मुंबईच्या अनिता डोंगरेंनी डिझाईन केलेली. चोळी, वर कोटी म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट, आणि लेहेंग्यावर डेलिया, जाई, कमळ अशी फुलं, सोनेरी बांगड्या. छपाई सुंदर आहे, रंग बघत राहावेत. लेहेंगा कंबरेला चपटा बसतो पण वरून कोटी आहे ना, ती सांभाळून घेते. साडी नेसवण्यापेक्षा हे बरं जमलंय. आधीच्या काही साडीवाल्या बाहुल्यांचा पदर म्हणजे नुसता खांद्यावर टाकलेला टॉवेल.

मिरजेची_मिरची

अपडेट, नऊ दिवसांनी.

डावा पाय जवळजवळ साफ झाला. उजव्या मांडीवर थोडी गुलाबी झाक आहे, तिथे थांबले, काकूंनी भीती घातलीय म्हणून. रोज गच्चीवर पाय वर करून ऊन खात पडलेली बघून शेजारच्या काकांनी दोनदा विचारलं काय चाललंय. केसांना दोन नाही, चार संध्याकाळी गेल्या, पण सुटले. संत्रं भाऊंची मुलगी रागावली नाही ना?

टिकलीवर खोबरेल लावून अर्धा तास ठेवलं, काडीने हळूच सुटली. खाली चेहऱ्यावर काहीच रंगवलेलं नव्हतं, नुसता गोल फिका डाग, म्हणजे टिकली मूळची नाही. आईला दाखवलं तर ती म्हणाली मीच लावली होती, मोकळ्या कपाळाची बरी दिसते का. आणि आत जाऊन आपल्या पाकिटातली नवीन घेऊन आली. मी गोंदाचं आणि डागाचं सगळं सांगेपर्यंत लावून मोकळी.

विकत नाहीये. लाल साडी मलमलमध्ये गुंडाळून वेगळी ठेवली, नऊवारी नेसवलीय. सुरेखाताई, तो सुटलेला टाका घालायला इरकलीला कुठला दोरा घेऊ? घरात सगळा पॉलिस्टरचा आहे आणि आजीचा सुती दिसतोय.

शिवणकाम_सुरेखा

सुतीच घ्या, पॉलिस्टर जुनं कापड कापतो. काठातून सुटलेला एखादा धागा असेल तर तोच सुईत ओवा. आणि जुन्या भोकातूनच घाला टाका, नवीन भोक पाडू नका.