सँडिनिस्टा! : सहा बाजू, ३६ गाणी. जरा जास्तच झालं का?

रीळवाला
द क्लॅश हा ब्रिटिश पंक रॉक बँड माझ्या जिवाभावाचा, म्हणूनच बोलतो. १९७७ चा पहिला अल्बम घ्या. १४ गाणी, ३५ मिनिटं, सगळं तीन वीकएंडांत रेकॉर्ड केलेलं, आणि एक सेकंद वाया नाही. लंडन कॉलिंग या अल्बमच्या दोन तबकड्यांतही भरताड सापडत नाही. मग १९८० च्या डिसेंबरात सँडिनिस्टा! येतो, तीन तबकड्यांचा. त्यातलं मेन्सफर्थ हिल म्हणजे तर त्याच अल्बममधल्या समथिंग अबाउट इंग्लंड या गाण्याचीच टेप उलटी फिरवलेली! सहावी बाजू येईपर्यंत मी थकतो. कुणीतरी कात्री लावायला हवी होती.

डोंबिवलीची श्रोती
अजिबात पटलं नाही. सहाव्या बाजूवर डब (म्हणजे रेगे गाण्यातले शब्द कमी करून बास, ड्रम आणि प्रतिध्वनीवर बेतलेलं रूप) आहे म्हणून ते भरताड? तुमच्या लाडक्या पहिल्या अल्बममध्ये जमैकन गायक ज्युनियर मर्विनचं पोलीस अँड थीव्ज हे रेगे गाणं चांगलं सहा मिनिटं वाजतं. ३५ पैकी सहा! रेगे त्यांच्यात तेव्हापासूनच मुरलेलं आहे. आणि सँडिनिस्टा!चं पहिलंच गाणं, मॅग्निफिसंट सेव्हन, ऐका ना. बास सुरू होतो आणि त्याच्यावर बँडचा गायक जो स्ट्रमर चक्क रॅप करतो. १९८० मध्ये किती रॉक बँड हे करत होते? शिवाय अल्बम स्वस्तात विकता यावा म्हणून ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींच्या रॉयल्टीवर त्यांनी पाणी सोडलं. माझ्या लेखी यापरतं पंक दुसरं नाही.

रीळवाला
रॉयल्टी सोडली त्याबद्दल आदर आहेच. पण स्वस्तात दिलं म्हणून सगळं चांगलं ठरत नाही. पहिल्या अल्बममधलं करिअर ऑपॉर्च्युनिटीज १९७७ मध्ये अंगावर यायचं. इथे सहाव्या बाजूवर तेच गाणं कीबोर्ड वाजवणाऱ्या मिकी गॅलाघरची लहान मुलं गातात. कशासाठी?

तिसरी घंटा
त्याच गाण्यासाठी लिहितेय. गाणं आहे नोकऱ्यांचं, म्हणजे वाट्याला येणाऱ्या फालतू नोकऱ्यांचं. १९७७ मध्ये ते स्ट्रमर ओरडून म्हणत होता. १९८० पर्यंत ब्रिटनमधले बेकार वीस लाखांवर गेले. आणि आता तेच शब्द दोन पोरं कोवळ्या आवाजात म्हणतात, शाळेतली कविता म्हणावी तशी. उद्या बेकारांच्या रांगेत तीच उभी राहणार आहेत हो! माझ्या अंगावर तर मूळ गाण्यापेक्षा हेच जास्त काटा आणतं. पाचव्या बाजूवरची दोनेक गाणी मीही पुढे ढकलते, पण हे कधीच नाही.

रीळवाला
असं कधी ऐकलंच नव्हतं. आज रात्री सहावी बाजू लावतो. कात्रीबद्दलचं मत मात्र अजून तेच आहे.